बोरघाट, एकास साडेसात हजार : प्रकल्प नोंदी

3 जानेवारी

वाचनालयाच्या कार्यकारिणीने अखेर होकार दिला. खालच्या हॉलमध्ये ‘आपल्या रेल्वेचा इतिहास’ असा कोपरा करायचा, उद्घाटन 16 एप्रिलला. मी म्हटलं, तारीख चुकली. 16 एप्रिल 1853 ही बोरीबंदर ते ठाणे गाडीची तारीख. आपण कर्जतला बसलोय. आपली तारीख 21 एप्रिल 1863, त्या दिवशी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांनी बोरघाटाचा, म्हणजे इथून लोणावळ्याला चढणारा, लोहमार्ग खुला केला. मध्ये दहा वर्षं आणि पाच दिवस गेले. सेक्रेटरी म्हणाले, “सर, पाच दिवसांनी काय बिघडतं?” मीही तेच म्हणतोय, मग 21लाच करू या. निर्णय पुढच्या सभेवर ढकलला.

माझ्यासोबत आठवी-नववीची सहा मुलं, एक सुतार मिस्त्री आणि खर्चाला नऊ हजार रुपये. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की फळ्या ते देतील, फेविकॉल मी आणायचा.

7 जानेवारी

कोपऱ्यात घाटाची प्रतिकृती ठेवायची, तिचं प्रमाण ठरवलं. मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनीच्या हिशेबाने घाट पावणेसोळा मैलांचा, म्हणजे साधारण 25.3 किलोमीटर, आणि चढ 1,831 फूट, म्हणजे 558 मीटर. पायथा समुद्रसपाटीपासून 196 फुटांवर, माथा 2,027 फुटांवर. प्लायवूडचा तुकडा आठ बाय चारचा. एकास पाच हजार घेतलं तर लोणावळा फळीबाहेर, खुर्चीवर ठेवावं लागेल. एकास दहा हजारात सगळं फारच मुंगीएवढं दिसतं. एकास साडेसात हजार बसतंय. लोहमार्ग 3 मीटर 38 सेंटिमीटर लांब, आणि घाटाची उंची साडेसात सेंटिमीटर.

मुलं गप्प झाली. साडेसात सेंटिमीटर म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढी पण नाही.

रुळांमधलं अंतर 5 फूट 6 इंच, 1,676 मिलिमीटर. आपल्या प्रमाणात 0.22 मिलिमीटर. म्हणजे दोन रूळ वेगळे दाखवायची भानगडच नाही, शिवणाचा एक दोरा म्हणजे अख्खा लोहमार्ग.

11 जानेवारी

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा उतरवून घेतला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दर 20 मीटरला. तो 6.67 पट मोठा करून तुकड्यातुकड्यांत छापला. दुकानात छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता, तो माझ्या लक्षात आला नाही. प्रत्येक पान तीन टक्के आखूड. बावीस पानं जोडल्यावर पळसदरीची रेषा पळसदरीला भेटेना. साडेचारशे रुपये आणि अख्खा रविवार गेला. मुलांना वर्गात ‘एकक तपासा’ म्हणून तीस वर्षं ओरडणारा हाच माणूस.

14 जानेवारी

संक्रांत. काम नाही. तिळगूळ खात फलकांचा मजकूर मांडायला घेतला.

अशा कोपऱ्यांत नेहमी दिसतं ते असं: ठाण्याच्या पहिल्या गाडीचे चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे, एकवीस तोफा, ठाण्याला तंबूत फराळ. मग एकदम व्हिक्टोरिया टर्मिनस. मधली पस्तीस वर्षं कापलेली. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला ठाण्याला जायचंच नव्हतं. ठाणे ही चाचणी होती. 1849 च्या करारात सरकारने तिला पाच लाख पौंडांच्या भांडवलावर एक प्रायोगिक मार्ग बांधायला दिला, तो हा. कंपनीला हवा होता कापूस, वऱ्हाडातला आणि खानदेशातला, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. कापूस सह्याद्रीच्या त्या बाजूला आणि बंदर या बाजूला. त्यामुळे कंपनीचा इतिहास सांगायचा तर घाटापासून सुरुवात करावी लागते.

मुख्य फलक हाच. ठाण्याला एक छोटा फलक पुरे.

19 जानेवारी

कंपनीच्या आरंभाचा फलक लिहिला, दोनदा खोडला. यात दोन धागे आहेत आणि शाळेच्या पुस्तकात त्यांची गल्लत होते. इकडे मुंबईत जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरने 1843 मध्ये घाटापर्यंत लोहमार्गाची कल्पना मांडली, आणि 1845 मध्ये जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाई अशा मंडळींनी त्यासाठी संस्था काढली. तिकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाच्या गृहस्थाने त्याच सुमारास जीआयपी कंपनी उभारली. हा चॅपमन लेस विणायची यंत्रं करणाऱ्या गावचा. लंडनच्या रस्त्यांवर धावणारी ती दोनचाकी घोडागाडी, हॅन्सम कॅब, तिच्यात मोलाच्या सुधारणा करणारा माणूस हाच. कापसाच्या व्यापारावर त्याने 1851 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 1854 मध्ये पटकीने वारला. घाटावर चढणारी गाडी त्याला बघायला मिळाली नाही.

कंपनीचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने 1 ऑगस्ट 1849 ला मंजूर केला, ईस्ट इंडिया कंपनीशी करार 17 ऑगस्टला झाला.

23 जानेवारी

सरकारने कंपनीला दिलेली ‘पाच टक्क्यांची हमी’ मुलांना समजावताना घाम फुटला. शेवटी जत्रेच्या वर्गणीवर आणलं. समजा, पुण्याच्या एकाने आपल्या गावात हॉटेल काढलं. गावाने त्याला लेखी दिलं: जागा फुकट, 99 वर्षं. वर्षाला शंभर रुपयांवर पाच रुपये तुला मिळणारच. धंद्यातून नाही मिळाले तर फरक गावच्या वर्गणीतून भरू. एक मुलगी पटकन म्हणाली, “मग तो बटाटे महागाचे का नाही घेणार?” हेच. त्या काळच्या टीकाकारांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. भागधारक लंडनमध्ये, हमीचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर.

त्यात आणखी एक कलम. हिशेबापुरता रुपया 1 शिलिंग 10 पेन्सला बांधलेला. शतकाच्या अखेरीस बाजारात रुपया 1 शिलिंग 4 पेन्सच्या आसपास आला. हे कलम फलकावर घेतलं तर वाचणारा पळेल. पण मला काढवत नाही. बारीक टायपात ठेवतो.

30 जानेवारी

पुठ्ठे कापायला सुरुवात. 20 मीटरच्या एका रेषेला आपल्या प्रमाणात 2.67 मिलिमीटर लागतात. बाजारात तीन मिलिमीटरचा पुठ्ठा मिळतो. अठ्ठावीस थरांत मिळून नऊ मिलिमीटर जास्त होतात. मान्य.

पाच थर चिकटवून दाखवले. अध्यक्ष बघायला आले, चष्मा काढला, पुन्हा घातला. “हा घाट?” मी आकडे सांगितले. ते म्हणाले, “सर, आकडे बरोबर असतील, पण हे घडी घातलेल्या घोंगडीसारखं दिसतंय.”

त्यांचं चुकीचं नाही. डोंगराखाली उभं राहून मान वर करणारा डोळा वेगळा आणि वरून टेबलाकडे बघणारा वेगळा. उंची दुप्पट करा असा आग्रह. दुप्पट केली की घाट घाटासारखा दिसतो, पण 37 फुटांत एक फूट हा चढ साडेअठरा फुटांत एक होतो. तसा चढ भरलेली गाडी ओढत चढणं त्या काळच्या इंजिनाला फारच जड गेलं असतं. म्हणजे ज्या एका आकड्यासाठी सात वर्षं डोंगर फोडला, तोच खोटा.

2 फेब्रुवारी

तडजोड. डोंगर दुप्पट उंच, एका रेषेला दोन पुठ्ठे. पण शेजारी वेगळी एक मीटरची फळी, तिच्या एका टोकाखाली बरोबर 27 मिलिमीटरचा ठोकळा. एकास सदतीस, जसाच्या तसा. फळीवर एक गोटी. मुलांनी गोटी वरच्या टोकाला ठेवून सोडायची. सपाट वाटणाऱ्या फळीवरून ती जी काही सुटते! मिस्त्री तिन्ही वेळा “अरे वा” म्हणाले. बोरघाटात गाडीचे ब्रेक हा विषय का असतो ते यापुढे फलकावर लिहायची गरज नाही.

8 फेब्रुवारी

मुलांना घेऊन गाडीने लोणावळ्याला. कर्जतला मागून बँकर इंजिनं, म्हणजे चढावर गाडीला रेटा देणारी जादा इंजिनं, लागताना दाखवली. नेहमीचं दृश्य, पण वडा खात बघण्यात आणि वही घेऊन बघण्यात फरक. एकाने विचारलं, गाडी चढतेय तर फलाटावर ‘डाऊन’ का म्हणाले? मुंबईकडून निघाली की डाऊन. कंपनीचं तोंड बंदराकडे होतं, डोंगराच्या चढाशी त्या शब्दाचा संबंध नाही.

बोगदे मोजण्यावरून भांडणं. दोघांचे आकडे जुळेनात. 1863 च्या मार्गावर 25 बोगदे आणि 8 मोठे कमानी पूल होते. पुढे मार्ग बदलले, नवी लाइन आली, त्यामुळे आजच्या खिडकीतून तो हिशेब लागणार नाही. सगळे बोगदे मिळून लांबी सव्वादोन मैलांच्या आसपास. आपल्या दोऱ्यावर जवळपास 48 सेंटिमीटर.

येताना जुन्या महामार्गाने. अमृतांजन पुलाची जागा दाखवली. 1830 च्या गाडीरस्त्याचा तो पूल 2020 मध्ये पाडला. तिथल्याच सोंडेवर रेल्वेचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याच्या खुणा अजून आहेत. आजच्या नकाशावर नाही, म्हणून दोऱ्याचा तेवढा भाग पायांनी आखला.

9 फेब्रुवारी

रिव्हर्सिंग स्टेशन तोंडाने कुणालाच सांगता येत नाही. प्रयत्न केला. गाडी चढत चढत एका चिंचोळ्या सोंडेच्या टोकावर येते. पुढे दरी. वळायला जागा नाही. मग इंजिन पुढचं सोडवून मागे लावायचं, आणि गाडी उलट्या तोंडाने वरच्या रुळांवरून पुढे काढायची. इंग्रजी ‘व्ही’ आडवा पाडला तसा मार्ग. मुंबईहून निघताना शेवटचा असलेला डबा लोणावळ्याला पहिला पोचतो. मुलांनी खेळण्यातली गाडी आणून दोनदा केलं तेव्हा कळलं. तीच गाडी आता प्रतिकृतीसमोर कायमची ठेवणार.

1929 मध्ये नवा मार्ग झाला आणि ही उलटापालट संपली. म्हणजे सहासष्ट वर्षं प्रत्येक गाडीने हे केलं. थळ घाटातही, कसारा ते इगतपुरी, 1 जानेवारी 1865 पासून, अशीच व्यवस्था होती.

15 फेब्रुवारी

जुन्या इंग्रजी कागदांतली गावं ओळखणं हा वेगळाच धंदा. ‘टाना’ सोपं. ‘कॅलियन’ही. ‘कँपूली’ म्हणजे आपली खोपोली, हे कळायला एक संध्याकाळ. ‘पडसधरी’ म्हणजे पळसदरी. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही नावं देतोय, मुलांना मजा वाटते.

खोपोलीवरून आठवलं. 1856 मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली, 1858 मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला डोंगर पाच वर्षं रिकामा. खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा, वर पुन्हा गाडीत बसायचं. कर्जत-खोपोली लोकल त्या तात्पुरत्या दिवसांचीच आठवण.

22 फेब्रुवारी

थर ओलसर फेविकॉलने पोह्याच्या पापडासारखे वळले. हिने पाटा-वरवंटा दिला, वजनाला. दोन दिवस पाट्याखाली खंडाळा.

1 मार्च

मजुरांचा फलक. सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचा.

मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला, 1850 मध्ये मुंबईत आला, 1862 मध्ये वारला, घाट सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, वय त्रेचाळीसच्या आत. घाटाचं कंत्राट विल्यम फॅव्हिएलकडे, काम 1856 च्या जानेवारीत सुरू. तेव्हा डायनामाइट नव्हतं, ते 1867 चं. हातोडा-पहार, सुरुंगाची दारू आणि वात. कड्यावर उभं राहायला जागा नाही, तिथे माणसं दोरांना लोंबकळत छिद्रं पाडत. साधारण वीस लाख घनयार्ड दगड-माती खोदली. पावसाळ्यात काम बंद, माणसं पांगायची, दसऱ्यानंतर पुन्हा गोळा करायची. हिवताप, पटकी. बायका-पोरं टोपल्या वाहायला.

पैसा वरून खाली येताना कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम अशा पायऱ्या उतरत यायचा आणि खालच्या पायरीवर पोचायला उशीर करायचा. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली, गोऱ्या अंमलदारांवर मजूर धावून गेले. दोन महिन्यांत फॅव्हिएलने काम सोडलं. पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, रेल्वे-कालव्यांच्या मजुरी-तंट्यांचा निकाल मॅजिस्ट्रेटने द्यावा असा कायदा आला. पहिल्या गाडीच्या तोफांपेक्षा हा भाग मला मोठा वाटतो, म्हणून याला अर्धी भिंत दिली. सेक्रेटरींनी भुवया उंचावल्या. उंचावू देत.

4 मार्च

1861 च्या सुरुवातीला घाटात 42,000 हून अधिक माणसं कामावर होती. हा आकडा कसा दाखवायचा? टाचण्या? परवडत नाही. स्वयंपाकघरातून मोहरी. आम्ही हजार दाणे मोजले (दोन मुलांनी, तीनदा, दरवेळी वेगळे), सोनाराच्या काट्यावर अडीच ग्रॅम भरले. 42,000 म्हणजे 105 ग्रॅम. काचेच्या बरणीत भरून ठेवली. बरणी हातात घेऊन हलवायची मुभा. एका मुलीने त्यातला एक दाणा बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि परत टाकला.

9 मार्च

अ‍ॅलिस ट्रेडवेल. मुलींना हिच्यावर स्वतंत्र फलक हवा होता. फॅव्हिएलनंतर सॉलोमन ट्रेडवेलने कंत्राट घेतलं, 1859 च्या हिवाळ्यात घाटात आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. बायकोने गाशा न गुंडाळता कंत्राट स्वतःच्या नावावर पुढे चालवलं, बर्कलेच्या हाताखालचे अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर व्यवस्थेला घेतले आणि 1863 पर्यंत काम पुरं करून दिलं.

मुलींनी लिहिलं: ‘बोरघाट बांधणारी स्त्री’. मी ‘कंत्राट पुरं करणारी’ केलं. बांधणाऱ्या स्त्रिया त्या बरणीत आहेत. वाद झाला. शेवटी त्यांनीच दोन्ही फलक शेजारी शेजारी लावले.

देशी कंत्राटदार म्हणून जमशेटजी दोराबजी यांचं नाव घेतलं. मुंबईचे पारशी, कंपनीच्या मार्गाचे अनेक तुकडे त्यांनी बांधले आणि बर्कलेने त्यांच्या कामाची तारीफ केली होती.

16 मार्च

शिमग्यामुळे मुलं रंगलेली, हिरवा रंग त्यांच्याकडूनच घेतला. डोंगर रंगवले. दोरा दिसेना! दोन फुटांवरून लाल दोरा हरवतो. लोकरीचा धागा लावला. आता प्रमाणाप्रमाणे आपला लोहमार्ग दहा मीटर रुंद झालाय. कुणाला सांगू नका.

20 मार्च

एक कमान मुद्दाम मोडकी ठेवली. 19 जुलै 1867 ला, भर पावसात, घाटातला ‘म्हौ की मळी’ नावाचा कमानी पूल कोसळला. मार्ग खुला होऊन जेमतेम सव्वाचार वर्षं झाली होती. चौकशीत दगडी बांधकामाचा दर्जा उघडा पडला आणि पुढे घाटातल्या इतर पुलांकडेही नव्याने बघावं लागलं. आठपैकी सात पूल पांढऱ्या पुठ्ठ्याचे, आठवा पडलेला. अध्यक्षांना वाटलं, मुलांनी धक्का दिला.

28 मार्च

उरलेली वर्षं एका लांबट फलकात आवरली. भुसावळवरून नागपूरला 1867, म्हणजे वऱ्हाडचा कापूस अखेर रुळांवर. गंमत अशी की अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला तो 1861 ते 1865 मध्ये, म्हणजे रूळ नागपूरला पोचायच्या आधीच. 1870 मध्ये जबलपूरला कलकत्त्याकडची लाइन भेटली. 1871 मध्ये रायचूरला मद्रासकडची. 1888 मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस पुरं. 1900 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, पण चालवायला पुन्हा तिच्याच हातात दिली. सरकारी कारभार 1925 पासून, मध्य रेल्वे हे नाव 1951 मध्ये.

6 एप्रिल

सभा. तारीख 21 एप्रिल ठरली. कारण माझा युक्तिवाद नाही, 16ला हॉलमध्ये लग्न आहे.

21 एप्रिल

उद्घाटन झालं. भाषणं तीन, त्यातल्या दोघांनी पहिली गाडी कर्जतला आली असं ठोकून दिलं. गर्दी गोटीच्या फळीपाशी.

एक म्हातारे गृहस्थ, घाटात गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची देखभाल करायची, नोकरी झालेले, बराच वेळ प्रतिकृतीवर वाकून होते. मग म्हणाले, “गुरुजी, इथे ओढा आहे. पावसाळ्यात इथनं पाणी येतं, रुळाखालचा भराव बघायला आम्ही रात्री बत्ती घेऊन इथनं चालायचो.” नकाशात तो ओढा नाही. उद्या निळा दोरा आणायचा. त्यांना परवा पुन्हा बोलावलंय, बाकीचे ओढे दाखवायला.

गोटी दोनदा हरवली. डझनभर आणून ठेवाव्या लागतील.